अप्रसिद्ध शांतिकार्यकर्त्यांसाठी पुरस्कार सुरू करण्यापूर्वी

नमस्कार. आपला प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यातील आपल्या छोट्या सार्वजनिक न्यासाला संस्थापकांच्या स्मरणार्थ दरवर्षी ५१,००० रुपयांचा पुरस्कार सुरू करायचा आहे. तो जगातील कोणत्याही देशातील एखाद्या अप्रसिद्ध शांतिकार्यकर्त्याला द्यावा, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. नावे शोधायची कशी, पारखायची कशी आणि कार्यक्रम केवढा करायचा, हे आपल्याला ठरवायचे आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील अशा निवड समित्यांवर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे आणि मोहल्ला पातळीवरील सलोख्याच्या कामाशीही माझा जुना संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण निवडीविषयी विचारले आहे, पण खरा पेच निवडीच्या आधीचा आहे. लेखकाला किंवा खेळाडूला पुरस्कार मिळाला, तर तो कोणी दिला यावरून त्याचे लिखाण किंवा त्याचा खेळ बिघडत नाही. मध्यस्थाचे तसे नसते. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना तो आपला, निदान परका नाही, असे वाटणे हेच त्याचे सगळे भांडवल असते, आणि व्यासपीठावर त्याच्या शेजारी कोण बसले होते एवढ्या एका छायाचित्राने ते भांडवल बुडू शकते. त्यामुळे माझ्या दृष्टीने कसोटी एकच आहे: हा सन्मान स्वीकारल्यानंतर तो माणूस उद्या पुन्हा दोन्ही गल्ल्यांत जाऊ शकेल का? रक्कम, नाव, तारीख, सभागृह, प्रमुख पाहुणे हे सगळे या एका प्रश्नातून ठरवावे लागते.

उत्तर आयर्लंडमधील फादर ॲलेक रीड यांचे उदाहरण मी समितीच्या पहिल्या बैठकीत नेहमी सांगतो. १९ मार्च १९८८ रोजी बेलफास्टमध्ये जमावाच्या तावडीत सापडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना ठार मारण्यात आले, तेव्हा हे धर्मगुरू त्यांच्या मृतदेहांशेजारी गुडघे टेकून अंत्यप्रार्थना म्हणत होते. ते छायाचित्र जगभर छापले गेले. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट अशी की त्या वेळी त्यांच्याजवळ एक लिफाफा होता. ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या शिन फेन या पक्षाची भूमिका मांडणारा मजकूर त्यात होता आणि तो हिंसाविरोधी आयरिश राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांच्यापर्यंत पोहोचवायचा होता. लिफाफ्यावर रक्ताचे डाग पडले, म्हणून त्यांनी तो बदलला आणि मजकूर पोहोचता केला. पुढे १९९८ मध्ये तिथला गुड फ्रायडे शांतता करार झाला आणि त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल ह्यूम आणि ब्रिटनबरोबर राहू इच्छिणाऱ्या बाजूचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांना मिळाले. आता कल्पना करा की १९८८ च्या उन्हाळ्यात एखाद्या सद्‌भावी संस्थेने रीड यांची ‘गुप्त शांतिकार्याबद्दल’ जाहीर वाखाणणी केली असती, तर तो मार्ग दुसऱ्याच दिवशी बंद झाला असता. काही कामे चालू असेपर्यंत त्यांच्याविषयी मौन बाळगणे हाच त्यांचा सन्मान असतो, आणि जाहीर गौरव नंतर करता येतो.

अर्थात प्रत्येक ठिकाणी मौनच योग्य असते असे नाही, कारण हे परिस्थितीवर अवलंबून आहे. काहींना प्रसिद्धीमुळे बळ मिळते, पोलीस त्यांचे ऐकू लागतात, देणगीदार दार उघडतात. काहींना त्याच प्रसिद्धीमुळे धोका वाढतो. पुरस्कार हे चिलखत आहे असे मात्र कोणीही समजू नये. पर्यावरणरक्षणासाठी दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार जगात नावाजलेला आहे. तो २०१५ मध्ये मिळालेल्या होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांची मार्च २०१६ मध्ये हत्या झाली, आणि २००५ मध्ये तोच पुरस्कार मिळालेल्या मेक्सिकोच्या इसिद्रो बाल्देनेग्रो यांची जानेवारी २०१७ मध्ये. हत्या पुरस्कारामुळे झाल्या असे मी म्हणत नाही, पण पुरस्काराने त्या थांबल्या नाहीत. म्हणून संबंधित व्यक्तीची संमती ही औपचारिकता मानू नका. ‘आपली निवड झाली आहे, अभिनंदन’ असा फोन करण्याआधी ‘आपले नाव विचारात घ्यावे का, आणि घेतले तर ते कोणत्या स्वरूपात जाहीर झालेले आपल्याला चालेल’ असे विचारणारी भेट व्हायला हवी.

आता नावे शोधण्याविषयी. मोठ्या पुरस्कारांची रचना पाहिली, तर अप्रसिद्ध माणूस त्यांतून का निसटतो हे लक्षात येते. शांततेच्या नोबेलसाठी शिफारस करण्याचा अधिकार खासदार, मंत्री, काही ठराविक विषयांचे प्राध्यापक, पूर्वीचे मानकरी अशा मोजक्या वर्गांनाच आहे. वस्तीत काम करणाऱ्या बाईच्या ओळखीत असा माणूस कुठून असणार? स्टॉकहोमहून दिल्या जाणाऱ्या राइट लाइव्हलीहुड पुरस्काराने हे दार मोकळे ठेवले. नोबेल प्रतिष्ठानने आपला प्रस्ताव नाकारल्यावर याकोब फॉन युक्सक्युल यांनी स्वतःचा टपाल तिकिटांचा संग्रह विकून १९८० मध्ये तो सुरू केला, आणि त्यासाठी कोणीही नाव सुचवू शकते. न्यूयॉर्कमधील टॅनेनबॉम ही संस्था तर एक पाऊल पुढे गेली. धर्मप्रेरणेने सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात काम करणाऱ्यांना ती जो सन्मान देते, त्याच्या निकषांत जिवाची किंवा स्वातंत्र्याची जोखीम आणि स्थानिक मुळे यांच्याबरोबरच ती व्यक्ती फारशी परिचित नसावी, हेही धरलेले आहे. ही अट आपल्या नियमावलीत जशीच्या तशी घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे प्रवेशिका मागवल्या, तर काय येते हे मी पाहिले आहे. जाडजूड फायली येतात, त्यांत कात्रणे, प्रशस्तिपत्रे, नेत्यांबरोबरची छायाचित्रे असतात. ज्याच्याजवळ एवढी फाईल आहे तो अप्रसिद्ध कसा, हा प्रश्न समितीतील कोणीतरी विचारायला हवा, आणि बहुधा कोणी विचारत नाही. पोलीस ठाण्याच्या शांतता कमिटीची यादी हीसुद्धा पुरेशी वाट नव्हे. तिच्यात चांगली माणसे असतात, पण लेटरहेड असलेली माणसे जास्त असतात.

माझा अनुभव असा की यादीऐवजी एक प्रश्न घेऊन वस्तीत गेले की नाव सापडते. तो प्रश्न म्हणजे, ‘त्या रात्री पहिला फोन कोणाला केलात?’ खाडीपलीकडच्या एका वस्तीत मिरवणुकीच्या आवाजावरून दोन गल्ल्यांमध्ये बाचाबाची झाली होती आणि थोडी दगडफेकही झाली होती. पोलीस पोहोचायच्या आत प्रकरण शांत झाले. शांत कोणी केले असे विचारल्यावर दोन्ही बाजूंनी आपापले कार्यकर्ते पुढे केले. फोनचा प्रश्न विचारल्यावर मात्र रिक्षा स्टँडवरचा मुलगा, शाळेच्या शिपाईबाई आणि समोरच्या गल्लीतील बेकरीवाला या तिघांनी एकमेकांना न विचारता एकच नाव घेतले, ते पिठाची गिरणी चालवणाऱ्या मावशींचे. दोन्ही गल्ल्यांतील डबे तिथेच दळणाला येतात, त्यामुळे कोणता मुलगा कोणत्या घरचा हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी गिरणीचे दिवे लावून शटर अर्धे उघडे ठेवले, दोन्हीकडच्या आयांना बोलावून घेतले आणि दगड उचललेल्या मुलांना त्यांच्या आयांच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. हे का केले असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “उद्या दळण आणायला याच बाया यायच्यात ना?” यापलीकडे आपण काही केले आहे, असे त्यांना वाटत नव्हते.

नाव सापडल्यावर पडताळणीचा भाग येतो आणि तिथे घाई उपयोगाची नाही. नाझी राजवटीत जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवणाऱ्या अन्यधर्मीयांचा गौरव करणारी यरुशलेममधील याद वाशेम ही संस्था या बाबतीत आदर्श म्हणावी लागेल. १९६३ पासून तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील आयोग प्रत्येक प्रकरण तपासतो. वाचलेल्या व्यक्तीची साक्ष किंवा कागदोपत्री पुरावा पाहिला जातो, मदत करणाऱ्याने खरोखर धोका पत्करला होता का आणि त्याबद्दल मोबदला घेतला होता का, हेही विचारले जाते. अशा रीतीने आजवर २८,००० हून अधिक व्यक्तींना मान्यता मिळाली आहे. आपल्याला न्यायाधीश मिळणार नाहीत, पण पद्धत घेता येईल. दोन्ही बाजूंच्या लोकांशी वेगवेगळे, एकमेकांच्या नकळत बोला. त्या व्यक्तीविषयी नाराज असलेल्या निदान एकाला भेटा, कारण मध्यस्थावर कोणीच नाराज नसेल, तर त्याने कोणाला काही ठामपणे सांगितले असेल का याची मला शंका वाटते.

एका बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. मिटवामिटवी आणि शांतता या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीच्या घरच्यांवर दबाव आणून तक्रार मागे घ्यायला लावणारा, मारहाण झालेल्याला चार पैसे देऊन गप्प करणारा माणूसही गावात ‘भांडण मिटवणारा’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावांचे गुण देऊन मूल्यमापन झाले आणि लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षिसे दिली गेली. हेतू चांगला होता आणि अनेक बांधावरची भांडणे कोर्टात जाण्यापासून वाचली. परंतु जिथे बक्षीस मिटलेल्या तंट्यांच्या नोंदीवर अवलंबून असते, तिथे दुबळ्या बाजूने माघार घेतली तरी नोंद ‘तंटा मिटला’ अशीच होते. म्हणून पडताळणीच्या वेळी कमी ताकदीच्या बाजूला आवर्जून विचारा की त्या तडजोडीनंतर त्यांना काय मिळाले आणि काय सोडावे लागले.

केंद्र सरकारचा कबीर पुरस्कारही अभ्यासण्यासारखा आहे. एका समाजाच्या व्यक्तीने दुसऱ्या समाजाच्या माणसाचे प्राण किंवा मालमत्ता वाचवताना दाखवलेल्या धैर्याची दखल घेण्यासाठी तो १९९० मध्ये सुरू झाला. ती अट समजण्यासारखी आहे. मात्र आपल्याच लोकांना अडवणारा माणूस अशा अटीत बसतोच असे नाही, आणि माझ्या मते त्याचे काम अधिक अवघड असते, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गल्लीत राहायचे असते. आपल्या निकषांत त्याच्यासाठी जागा ठेवा.

यानंतर सगळ्यात नाजूक मुद्दा येतो, तो म्हणजे एकाच व्यक्तीला पुरस्कार द्यावा का. बेलफास्टमध्ये ऑगस्ट १९७६ मध्ये एका पळून जाणाऱ्या मोटारीच्या धडकेने तीन भावंडांचा मृत्यू झाला. मोटार चालवणाऱ्या आयआरएच्या तरुणाला सैनिकांची गोळी लागली होती. त्यातून बेटी विल्यम्स आणि त्या मुलांची मावशी मेरेड कॉरिगन यांनी हजारो स्त्री-पुरुषांचे मोर्चे उभे केले. किअरन मॅककीऑन हे पत्रकार त्या चळवळीचे तिसरे संस्थापक होते. १९७६ चे शांततेचे नोबेल १९७७ मध्ये दोघींना जाहीर झाले आणि मॅककीऑन बाहेर राहिले. पुढे पुरस्काराची रक्कम दोघींनी स्वतःकडे ठेवली यावरून टीका झाली, चळवळीत मतभेद वाढले आणि १९८० मध्ये विल्यम्स बाहेर पडल्या. चळवळ ओसरण्यामागे इतरही कारणे होती, पण तिघांच्या कामाला दोघींची नावे लागली आणि पैशाचे काय करायचे हे आधी ठरलेले नव्हते, या दोन गोष्टींनी दुखणे वाढवले असे मला वाटते.

याच्या उलट नायजेरियातील कादुना शहराचे उदाहरण घ्या. इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये हे दोघेही एकेकाळी एकमेकांविरुद्धच्या सशस्त्र तरुण टोळ्यांचे म्होरके होते. १९९२ च्या दंगलीत वुये यांचा उजवा हात गेला, आणि अशाफा यांचे गुरू व दोन चुलतभाऊ मारले गेले. १९९५ मध्ये दोघांची भेट झाली आणि त्यातून आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र उभे राहिले. टॅनेनबॉमने त्यांचा सन्मान जोडीने केला. त्यांपैकी एकालाच व्यासपीठावर नेले असते, तर दुसऱ्याच्या लोकांनी त्याचा जो अर्थ लावला असता, तो आपल्याला ठाण्यात बसूनही सांगता येईल.

केनियाच्या ईशान्येकडील वजीरची गोष्ट मला याहून जवळची वाटते, कारण तिची सुरुवात बाजारात झाली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिथे सोमाली कुळांमध्ये रक्तपात चालू होता आणि एका कुळाच्या बायका दुसऱ्या कुळाच्या बाईकडून भाजी-दूध घेईनाशा झाल्या होत्या. काही स्त्रियांनी ठरवले की बाजारात प्रत्येकीला खरेदी-विक्री करता आली पाहिजे, आणि त्यावर लक्ष ठेवायला स्वतःची छोटी समिती नेमली. त्यानंतर कुळांच्या वडीलधाऱ्यांना आणि तरुणांना बोलते केले, १९९३ मध्ये अल फताह जाहीरनामा झाला आणि पुढे वजीर शांतता व विकास समिती स्थापन झाली. त्या स्त्रियांपैकी देखा इब्राहिम अब्दी यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव जगाला कळले हे योग्यच झाले. पण बाजारात लक्ष ठेवणाऱ्या बाकीच्या बायकांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातही हेच झाले आहे. १९८४ च्या दंगलीने पोळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या आणि त्यांत पुढाऱ्यांपेक्षा सामान्य माणसांवर भर दिला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. खोपडे यांचे नाव घेतले जाते आणि ते घेतलेच पाहिजे. पण त्या रात्री यंत्रमागांच्या गल्ल्यांत दारोदार फिरून अफवा खोट्या पाडणारे समितीचे सदस्य कोण होते? त्यांतील जे हयात आहेत त्यांच्या तोंडून ते ऐकून लिहून ठेवणे, हा तुमच्या न्यासाला करता येण्याजोगा आणि कोणत्याही मानचिन्हापेक्षा टिकाऊ असा सन्मान आहे. गिरणीवाल्या मावशींनीही व्यासपीठावर एकटीने यायला नकार दिला होता. त्या रात्री घराबाहेर पडलेल्या दोन्ही गल्ल्यांतील बायकांची नावे त्यांनी दिली आणि सगळ्या एकत्र आल्या.

आता आपल्या विश्वस्तांच्या इच्छेकडे वळतो. परदेशातील व्यक्तीला रक्कम देण्याचा विचार करू नये असे मी सुचवीन. न्यासाचे उत्पन्न देशाबाहेर खर्च झाले, तर त्यावर आयकराची सवलत सहसा मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, आणि न्यासपत्रातील उद्दिष्टांत ते बसते का हा प्रश्न वेगळाच. तुमच्या सीएंना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कायदा बाजूला ठेवला, तरी कादुना किंवा वजीरमधील माणसाची दोन्ही बाजूंनी पडताळणी आपण ठाण्यातून करू शकत नाही, आणि पडताळणी न करता दिलेला पुरस्कार म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच प्रसिद्ध केलेल्या माणसाला पुन्हा हार घालणे. त्यामुळे जगासाठी ज्ञानाचा भाग ठेवा. दरवर्षी एका अपरिचित परदेशी शांतिकार्यकर्त्याची ओळख करून देणारी मराठी पुस्तिका आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या ठिकाणी एक व्याख्यान, एवढे पुरे आहे. या विषयावर मराठीत वाचायला फार थोडे आहे. रक्कम मात्र ठाणे जिल्ह्यातील, जिथे आपल्याला चालत किंवा लोकलने जाऊन विचारपूस करता येते अशा माणसांना द्या. विश्वस्तांना ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द पत्रिकेवर हवा असतो हे मला ठाऊक आहे. पुस्तिकेमुळे तो राहतो.

कार्यक्रमाविषयी थोडक्यात लिहितो. निवडणुका जवळ असतील, तर कार्यक्रम पुढे ढकला. कोणत्याही पक्षाच्या पदाधिकाऱ्याला व्यासपीठावर बसवू नका, आणि बोलवायचेच असेल, तर सभागृहात पहिल्या रांगेत बसवा. एका संस्थेने अशा सत्काराचा फ्लेक्स एका नेत्याच्या छायाचित्रासह नाक्यावर लावला होता. पुढच्या सणाला तणाव झाला तेव्हा पलीकडच्या गल्लीने त्या सत्कारमूर्तींना बोलावलेच नाही. मानपत्राचा मसुदा छापण्यापूर्वी सन्मानित व्यक्तीला वाचून दाखवा आणि त्या प्रसंगात चूक कोणाची होती याचा त्यात उल्लेख येऊ देऊ नका. शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही, पण रकमेचे काय होणार हे आधीच विचारून घ्या, म्हणजे बेलफास्टसारखी कुजबुज होणार नाही. समारंभ नको असे ती व्यक्ती म्हणाली, तर घरी जाऊन चहा घेऊन द्या.

शेवटी नियमावलीतील एक कलम पहिल्याच वर्षी लिहून ठेवा: योग्य नाव न मिळाल्यास त्या वर्षी पुरस्कार दिला जाणार नाही. ‘दरवर्षी’ हा शब्द स्मरणार्थ पुरस्कारांना फार अडचणीत आणतो, कारण तारीख ठरलेली, सभागृह घेतलेले, आणि मग कोणाला तरी शोधावेच लागते. शांततेचे नोबेल आजवर १९ वेळा दिले गेलेले नाही. गांधीजींची हत्या झाली त्या १९४८ सालीही, योग्य हयात उमेदवार नाही असे कारण देऊन, ते कोणालाच दिले गेले नाही. ज्या वर्षी पुरस्कार दिला जाणार नाही त्या वर्षीची तुमची ५१,००० रुपयांची रक्कम पुस्तिकेच्या छपाईकडे किंवा भिवंडीतील मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याकडे वळवता येईल, अशी तरतूद त्याच कलमात करून घ्या.